करही घेतला आणि आकडाही मोडला: अमेरिकेतील ओकलंडच्या (कॅलिफोर्निया) महापौरांना व नगर परिषदेला खुले पत्र

मा. महापौर बार्बरा ली आणि ओकलंड नगर परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत मी रीतसर नगर परिषदेच्या चिटणीसांकडे पाठवली आहे. आपल्या सभागृहात नागरिकाला बोलण्यासाठी जेमतेम एक-दोन मिनिटे मिळतात आणि तेवढ्यात पंधरा वर्षांचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून हे लेखी निवेदन. २००१ च्या आपल्याच वटहुकमानुसार शहराचे कागद स्पॅनिश आणि चिनी भाषांतही निघतात. मराठीला तो मान मिळेपर्यंत थांबण्याचा माझा विचार नाही. शिवाय दक्षिणेला फ्रीमाँट आणि टेकड्यांपलीकडे डब्लिन, सॅन रमोन येथे स्थायिक झालेले आणि ओकलंडचे नाव काढताच मान हलवणारे माझे मराठी स्नेही, तसेच दर रविवारी फोनवर ‘तुमच्या त्या गावात राहायला भीती नाही ना वाटत?’ असे विचारणारी माझी इचलकरंजीची मावशी, यांनाही हा मामला नेमका काय आहे ते कळावे, अशी माझी इच्छा आहे.

मी गेली अठरा वर्षे फ्रूटवेल भागात राहते आणि इंटरनॅशनल बुलेव्हार्डच्या आसपासच्या लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते. बेकरी, धुलाई केंद्र, टायरचे दुकान, दोन खानावळी असे माझे पक्षकार आहेत. पूर्वी त्यांच्या वह्यांत ‘दुरुस्ती’ असे एकच खाते असे आणि नळापासून शटरपर्यंत सगळे त्यात जाई. आता मला ‘काच’ असे स्वतंत्र खाते उघडावे लागले आहे. बेकरीवाल्या बाईंच्या दुकानात मागच्या भिंतीला, मैद्याच्या पोत्यांच्या आड, दर्शनी काचेच्या बरोबर मापाची कापलेली प्लायवूडची फळी कायम उभी असते. तिच्या चारही कोपऱ्यांना स्क्रूसाठी भोकेही पाडून ठेवलेली आहेत. पहिल्यांदा काच फुटली तेव्हा त्यांना मध्यरात्री फळी शोधत हिंडावे लागले होते, त्यातून आलेले हे शहाणपण. विम्यात नुकसानीचे पहिले हजार डॉलर दुकानदाराने सोसायचे असतात आणि काच बसते आठ-नऊशे डॉलरना, त्यामुळे विम्याकडे दावा जातच नाही. माझ्या स्वतःच्या मोटारीची काच तीनदा फुटली. इथल्या बोलीत या प्रकाराला ‘बिप’ म्हणतात. आता मी गाडी लावताना पुढचा कप्पा रिकामा करून उघडा ठेवते, म्हणजे आत डोकावणाऱ्याला काच फोडण्याचे श्रम पडू नयेत.

परंतु या पत्राचे निमित्त काच नव्हे, कागद आहे. अलामेडा काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) मालमत्ता कराचे बिल यंदाही ऑक्टोबरात आले. त्यात ‘मेझर एनएन’ या कराची ओळ आहे (मेझर म्हणजे थेट मतदारांपुढे मंजुरीसाठी ठेवलेला प्रस्ताव). नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही मतदारांनी हा कर स्वतःवर लादून घेतला: एका कुटुंबाच्या घराला वर्षाला १९८ डॉलर, आणि वाहनतळाच्या शुल्कावर १० टक्के अधिभार, तोही नऊ वर्षांसाठी. मतपत्रिकेवर जो सौदा मांडला होता त्याचा गाभा असा की शहराने किमान ७०० पोलिसांची तरतूद अंदाजपत्रकात करावी, तरच हा कर गोळा करता येईल. जून २०२५ मध्ये आपण दोन वर्षांचे अंदाजपत्रक मंजूर केलेत, त्यात तरतूद केलीत ६७८ पोलिसांची. आणि टोकाची आर्थिक निकड असल्याचा ठराव करून कर मात्र पूर्ण घेण्याची वाट मोकळी करून घेतलीत. हे कायद्यात बसते, हे मला ठाऊक आहे, कारण ती पळवाट मेझरच्या मजकुरातच होती. मी हिशेबनीस आहे. कायद्यात बसणारी आणि तरीही धन्याला अंधारात ठेवणारी नोंद कशी दिसते हे मला शिकवावे लागत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी येथे एक खुलासा करणे भाग आहे. आपल्याकडे पोलीस हा राज्याचा विषय आहे. इचलकरंजीच्या पालिकेची तिजोरी कितीही रिकामी झाली तरी तेथील ठाण्यातला हवालदार त्यामुळे कमी होत नाही, कारण त्याचा पगार राज्य सरकार देते. इथे पोलीस शहराचे, पगार शहराचा आणि निवृत्तिवेतनाचा बोजाही शहराच्याच माथी. त्यामुळे शहर खंगले की पोलीसही खंगतात. सर्वसाधारण निधीतला सर्वांत मोठा खर्च पोलीस आणि अग्निशमन दलावरच होत असल्याने, तूट भरून काढायला निघालेल्या माणसाची नजर प्रथम तिकडेच जाते.

माझी पहिली तक्रार या आकड्यांच्या इतिहासाबद्दल आहे. २००४ मध्ये ‘मेझर वाय’ मंजूर झाले तेव्हा मतदारांना सांगितले होते की ७३९ पोलिसांची तरतूद असेल तरच कर घेऊ. २०१० मध्ये पैसे संपले, पोलीस ७३९ च्या खाली गेले आणि कर घेणे अडचणीचे झाले. तेव्हा त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ‘मेझर बीबी’ आणून ती अटच बाजूला ठेवली आणि कर चालू राहिला. २०१४ मध्ये ‘मेझर झेड’ आले, त्यात आकडा होता ६७८. २०२४ मध्ये तो ७०० झाला आणि वर्षही उलटले नाही तोच आपण पुन्हा ६७८ वर आलात. हा आकडा अंदाजपत्रकात पाहिला तेव्हा तो ओळखीचा वाटला, म्हणून जुने कागद काढून पाहिले, तर तो दहा वर्षांपूर्वीच्या कराचाच निघाला. नव्या कराच्या पावतीवर आम्हांला जुनाच माल मिळाला आहे. आणि ६७८ ही झाली तरतूद. आजारपण, दुखापत, रजा, चौकशी, निवृत्ती वजा जाता प्रत्यक्ष रस्त्यावर किती उरतात, हे साध्या नागरिकाला महिन्याच्या महिन्याला कळेल असा एक पानी तक्ता आजवर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

दुसरी तक्रार: आपण २०१० विसरलात. १३ जुलै २०१० रोजी या शहराने एका दिवसात ८० पोलिसांना घरी पाठवले. निवृत्तिवेतनासाठी पोलिसांनी पगारातून ९ टक्के भरावेत, असे शहराचे म्हणणे होते. भरतो, पण पुढची तीन वर्षे कुणाला काढणार नाही असे लिहून द्या, असे संघटनेचे म्हणणे होते. बोलणी फिसकटली आणि बिल्ले जमा झाले. तत्कालीन पोलीस प्रमुख अँथनी बॅट्स यांनी गुन्ह्यांच्या ४४ प्रकारांची यादी जाहीर केली, ज्यांत पोलीस यापुढे जागेवर येणार नाहीत. घरफोडी, मोठी चोरी, नासधूस हे सगळे त्यात होते. मी तेव्हा या शहरात नवखी होते. शहर आपल्या नागरिकांना, आणि त्यांच्याबरोबर चोरांनाही, असे छापील स्वरूपात काही कळवू शकते याचे मला नवल वाटले होते. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, ओकलंडमधील खुनांची संख्या सव्वाशेच्या पुढे गेली. केवळ पोलीस कमी झाले म्हणून खून वाढले, असे सरळ गणित मी मांडत नाही. मंदी होती, जप्त झालेली घरे होती, बेकारी होती. पण आपल्या शेजारची उदाहरणेही त्याच बाजूला बोट दाखवतात. व्हॅलेहोने २००८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, स्टॉक्टनने २०१२ मध्ये. स्टॉक्टनने आधीच्या काही वर्षांत पोलीसबळ सुमारे चौथाईने घटवले होते. तेथे २०११ मध्ये ५८ आणि २०१२ मध्ये ७१ खून झाले, दोन्ही त्या शहराचे तोवरचे उच्चांक. ज्या वर्षी दिवाळखोरी जाहीर करावी लागली, त्याच वर्षी तेथे प्रेतेही सर्वांत जास्त मोजावी लागली.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त बोचते, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. या शहराला एक उपाय सापडला होता. ‘सीझफायर’ नावाचा उपक्रम २०१२-१३ मध्ये नव्या जोमाने सुरू झाला. त्यामागचा विचार साधा होता: सव्वाचार लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात बंदुका चालवणारे आणि बंदुकीला बळी पडणारे मूठभरच, काही शेच, असतात, त्यांना नावानिशी ओळखा, समोर बोलवा, आणि पोलीस, धर्मगुरू, मुले गमावलेल्या आया आणि मदतनीस यांनी एकत्र बसून त्यांना सांगा की काम, घर, शिक्षण यांसाठी हात द्यायला आम्ही तयार आहोत, पण पुढची गोळी तुमच्या गटाकडून सुटली तर सगळे लक्ष तुमच्यावर असेल. शुक्रवारी रात्री पांढरे कपडे घालून ईस्ट ओकलंडच्या रस्त्यांवरून पायी फिरणारी चर्चची मंडळी मी स्वतः पाहिली आहेत. एकदा त्यांच्यातल्या एका वयस्कर बाईंनी माझ्या हातात गरम कोकोचा कागदी पेला दिला होता. संशोधकांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा या उपक्रमामुळे बंदुकीने होणाऱ्या हत्यांत सुमारे ३१ टक्के घट झाल्याचे त्यांना आढळले. २०१८ पर्यंत शहरातील खून सत्तरच्या आसपास आले होते.

आणि मग आपल्या आधीच्या कारभाऱ्यांनी हा उपक्रम हळूहळू हातचा जाऊ दिला. तो बंद करण्याचा ठराव कधी झाला नाही; माणसे दुसरीकडे वळवली, बैठका विरळ झाल्या, फलक तेवढा राहिला. २०२१ मध्ये खून पुन्हा सव्वाशेच्या वर गेले. शहरानेच मागवलेल्या आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षण अहवालात, शहर या धोरणापासून दूर गेल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्यानंतर उपक्रम पुन्हा मार्गावर आणला गेला आणि २०२४ पासून खुनांत मोठी घट झाली, हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. त्याचे श्रेय ज्यांचे आहे त्यांना मिळावे. पण म्हणूनच विचारते: जे औषध एकदा लागू पडले, मग थांबवल्यावर आजार उलटला, आणि पुन्हा घेतल्यावर उतार पडला, त्या औषधाचे पैसे दर सहा महिन्यांनी कापाकापीच्या यादीत का येतात? हिंसा प्रतिबंध विभागाच्या संस्थांना मिळणारे अनुदान हे तूट भरण्याचे सोपे साधन ठरते, कारण त्या संस्थांना पोलिसांसारखी संघटना नाही.

चौथी तक्रार पैशांच्या मुळाशी जाते. शहराचे तीन व्यावसायिक क्रीडासंघ सोडून गेले: बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये गेले, अमेरिकन फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये गेले, बेसबॉलच्या एजचा इथला शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. रिकाम्या झालेल्या कोलिझियम या क्रीडासंकुलातला शहराचा अर्धा हिस्सा विकून येणारे पैसे आपण २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात धरलेत, म्हणजे एकदाच मिळणाऱ्या पैशातून दरमहा द्यावयाचे पगार भागवण्याचे ठरवलेत. पैसे वेळेवर आले नाहीत. मग राखीव यादीतली कापाकापी अमलात आली आणि जानेवारी २०२५ मध्ये दोन अग्निशमन केंद्रे काही काळ बंद ठेवावी लागली. ज्या टेकड्यांवर १९९१ च्या वणव्यात २५ माणसे दगावली, त्याच टेकड्यांच्या बाजूची. आमच्याकडे घरातले दागिने मोडून किराणा भरणाऱ्या माणसाबद्दल जे बोलतात, ते मी येथे लिहीत नाही.

यालाच जोडून ओव्हरटाइम. पोलीस कमी, म्हणून उरलेल्यांना जादा पाळ्या. जादा पाळ्यांचा दर दीडपट. त्यामुळे खर्च अंदाजापुढे. खर्च अंदाजापुढे, म्हणून नव्या भरतीचे प्रशिक्षणवर्ग रद्द. वर्ग रद्द, म्हणून पोलीस आणखी कमी. शहराच्या लेखापरीक्षकांनी २०१९ मध्येच ओव्हरटाइमच्या बेशिस्तीवर बोट ठेवले होते. माझ्या एखाद्या पक्षकाराने दरवर्षी एकाच खात्यात दुप्पट खर्च करून दरवर्षी तोच जुना अंदाज लिहिला असता, तर मी त्याचे काम सोडले असते.

आता लहानसहान वाटणाऱ्या पण मनातून न जाणाऱ्या दोन-तीन गोष्टी. २०२३ मध्ये राज्य सरकारने संघटित दुकानचोरीला आळा घालण्यासाठी कॅलिफोर्नियातील शहरांना व काउंट्यांना मिळून २६ कोटी डॉलरहून अधिक अनुदान वाटले. दुकानचोरीने सर्वांत हैराण झालेल्या शहरांपैकी एक असलेल्या ओकलंडचा अर्ज मुदतीत पूर्ण झाला नाही. ९११ चा, म्हणजे आणीबाणीच्या मदतीचा, फोन १५ सेकंदांत उचलला जावा, हा राज्याचा दंडक. त्याबाबत अलामेडा काउंटीच्या ग्रँड ज्युरीने, म्हणजे कारभाराची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, त्याच वर्षी या शहरावर ताशेरे ओढले. मार्च २०२४ मध्ये हेगेनबर्गर रस्त्याजवळचे इन-एन-आउट हे बर्गरचे दुकान बंद झाले. त्या कंपनीने पंचाहत्तर वर्षांत गुन्हेगारीमुळे बंद केलेले ते पहिलेच दुकान. आणि ईस्ट ट्वेल्फ्थ स्ट्रीटच्या चौकात तांब्याच्या तारांसाठी सिग्नलची वीज इतक्यांदा तोडली गेली, की शेवटी शहराने दुरुस्तीचा नाद सोडून थांबण्याच्या लाल पाट्या लावल्या. चोराने जिंकलेला चौक म्हणून मी तो पाहुण्यांना दाखवते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गव्हर्नरांनी महामार्ग पोलिसांचे १२० जवान पाठवले आणि त्यामागोमाग ४८० कॅमेरे बसवण्याचे जाहीर झाले. मदतीबद्दल आभारी आहोत. पण उसन्या माणसांना आमच्या गल्ल्यांची नावेही ठाऊक नसतात, आणि ती केव्हा परत बोलावली जातील हे ओकलंडच्या हाती नाही. दुसरीकडे, ज्यांच्याकडे पैसे आहेत ते आपली सोय आपण पाहतात. रॉकरिजच्या रहिवाशांनी २०१३ मध्येच वर्गणी काढून खासगी गस्त लावली होती. आमच्या इंटरनॅशनल बुलेव्हार्डवर अशी वर्गणी निघू शकत नाही. पोलीस कमी होतात तेव्हा ते सर्वांसाठी सारखे कमी होत नाहीत, हे टेकडीवरून दिसत नाही, सपाटीवरून दिसते.

एवढे लिहिल्यावर माझ्यावर एक शिक्का बसण्याची शक्यता आहे, म्हणून हेही स्पष्ट करते. ‘पोलीस, पोलीस आणि पोलीस’ हा माझा मंत्र नाही. हे तेच शहर आहे जेथे १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पक्ष पोलिसांच्या वागणुकीवर नजर ठेवण्यासाठी उभा राहिला, आणि जेथे ‘रायडर्स’ म्हणून कुप्रसिद्ध झालेल्या पोलिसांच्या प्रकरणात ११९ फिर्यादींशी २००३ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार पोलीस दल वीस वर्षांहून अधिक काळ केंद्रीय न्यायालयाच्या देखरेखीखाली राहिले. माझ्या शेजारी राहणाऱ्या कृष्णवर्णीय आजोबांना पोलिसांची गाडी वळताना पाहून बरे वाटत नाही, आणि त्यांची कारणे माझ्या काचेच्या खात्यापेक्षा फार जुनी आहेत. पण देखरेखीखालच्या दलालाही प्रमुख लागतो. २०२३ च्या फेब्रुवारीपासून २०२४ च्या मेपर्यंत कायम प्रमुख नव्हता. त्यानंतर आलेले फ्लॉइड मिचेल दीड वर्षात राजीनामा देऊन निघाले. माणसे कमी, प्रमुख हंगामी आणि आकडा ठरावापुरता, अशा दलात सुधारणा तरी कोण करणार?

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

दोन वर्षांच्या अंदाजपत्रकाचा मध्यावधी फेरविचार आपण येत्या जूनअखेर करणार आहात. त्यात एकतर ७०० पोलिसांची तरतूद करावी, किंवा ती कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या पैशातून होईल हे लेखी जाहीर करावे. ‘आर्थिक निकड’ हा ठराव पुन्हा करावयाचा असेल, तर त्याआधी फक्त त्याच विषयावर जाहीर सुनावणी घ्यावी आणि ती सायंकाळी घ्यावी, कारण दुकानदार दुपारी दुकान सोडून येऊ शकत नाहीत.

मेझर एनएनच्या कराचा प्रत्येक डॉलर कोठे गेला, दलात नावावर किती पोलीस आहेत, कामावर किती, गस्तीवर किती आणि ओव्हरटाइमवर किती खर्च झाला, हे दर महिन्याला एका पानावर प्रसिद्ध करावे. हे पान तयार करण्यासाठी सल्लागार नेमू नये. हवे असल्यास नमुना मी करून देते, फुकट.

सीझफायरची माणसे आणि पैसा पुढील कोणत्याही मध्यावधी कपातीतून वगळण्याचा ठराव करावा. ९११ च्या रिकाम्या जागा इतर सर्व भरतीआधी भराव्यात. मालमत्ता विकून येणारा पैसा पगारासाठी धरणार नाही, असे धोरण स्वीकारावे. राज्य आणि केंद्राच्या अनुदानांच्या मुदती सांभाळण्याची जबाबदारी एका नेमक्या अधिकाऱ्यावर टाकावी आणि त्या पदाचे नाव जाहीर करावे.

आणि सार्वजनिक सुरक्षेच्या नावाने यापुढे एखादा कर मतदानाला आणलात, तर त्यात सुटकेचे कलम असेल तेथे कराच्या सुटकेचेही असावे: आकडा खाली आला की त्या प्रमाणात करही खाली यावा. ही अट घातलीत तर त्या करासाठी दारोदार फिरून मते मागायला मी स्वतः येईन.

पहिला हप्ता मी १० डिसेंबरच्या आत भरते आहे. दुसऱ्याची मुदत १० एप्रिलची आहे, तोही वेळेवर भरीन. त्याआधी आपले उत्तर यावे, अशी अपेक्षा आहे. बेकरीवाल्या बाईंनी तेच विचारले आहे. त्यांना फळी नवीन कापून घ्यायची आहे, जुनी पावसाने फुगली आहे, आणि ती आणखी किती वर्षे लागेल त्यावर साधी घ्यावी की जाड, हे त्या ठरवणार आहेत.

आपली विश्वासू,
एक करदाती हिशेबनीस
फ्रूटवेल, ओकलंड